पाच ते नऊ

ऊसतोडीच्या हिशेबात ‘कोयता’ हे माणसांचं माप आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि गडी एकटाच आला तर तो अर्धा कोयता. दिवाळीच्या सुमारास बीड आणि नगरकडची बिऱ्हाडं गाड्यांत भरली जातात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्या गाड्यांत भांडीकुंडी असतात, चुली असतात, पोरंटोरं असतात, आणि एका बाजूला फडक्यात गुंडाळलेले कोयते.

पुण्यात हाच शब्द गेल्या काही वर्षांत वेगळ्या अर्थाने रुळला. २०२२ च्या डिसेंबरअखेर सिंहगड लॉ कॉलेजच्या परिसरात दोन तरुणांनी कोयते नाचवत रस्त्यावरच्या लोकांवर धाव घेतली. त्याचं चित्रण मोबाइलवरून शहरभर फिरलं आणि ‘कोयता गँग’ हे नाव पक्कं झालं. खरं तर ही एक टोळी नव्हेच. गल्लीगल्लीतल्या पाच-सात पोरांच्या कंपूंना वर्तमानपत्रांनी दिलेलं ते सामायिक नाव आहे. रात्री उभ्या गाड्यांच्या काचा फोडायच्या, हॉटेलवाल्याला दमात घ्यायचं, वाढदिवसाचा केक कोयत्याने कापायचा आणि सगळ्याची रील टाकायची, हा त्यांचा कार्यक्रम. पिस्तूल मिळवायला पैसा आणि ओळख लागते. कोयता अवजारांच्या दुकानात मिळतो, नाहीतर नारळवाल्याच्या गाडीवरून उचलता येतो.

पोलिसांनी त्यावर पोलिसी उत्तर दिलं. रात्रीची नाकाबंदी आणि झडतीसत्रं सुरू झाली. कोयते बाळगणाऱ्यांना पकडणाऱ्या कर्मचाऱ्यांना बक्षिसं जाहीर झाली. कोयता विकताना गिऱ्हाइकाची ओळख नोंदवून ठेवा, असं दुकानदारांना सांगण्यात आलं. जिथे तोडफोड केली त्याच गल्लीतून आरोपींची धिंड निघू लागली आणि लोक टाळ्या वाजवू लागले. मोक्का लागले, तडीपाऱ्या झाल्या. त्यातलं काही आवश्यकही होतं. पण पकडलेल्यांच्या बातम्यांमध्ये एक वाक्य ठरून येत राहिलं: ‘यात एका अल्पवयीन मुलाचाही समावेश आहे.’

हा लेख त्या वाक्यातल्या मुलाबद्दल आहे.

किलोंचा हिशेब

अशा मुलाच्या हातात कोयत्याबरोबर अमली पदार्थांची पुडीही येते. आधी त्या मालाकडे पाहू, कारण सरकारचं लक्ष तिथेच सर्वाधिक आहे.

३० सप्टेंबर २०२३ रोजी पुण्यात ससून रुग्णालयाच्या बाहेर पावणेदोन किलोच्या आसपास मेफेड्रोन पकडलं गेलं. तपासाचे धागे रुग्णालयातच उपचारांच्या नावाखाली मुक्काम ठोकून असलेल्या एका कैद्यापर्यंत गेले. दोनच दिवसांनी, गांधीजयंतीला, तो कैदी तिथून पसार झाला. त्याच आठवड्यात मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातला मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आणला. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत छापा घातला. तिथला, दिल्लीतला आणि सांगलीकडचा साठा मिळून १,७०० किलोंच्या वर गेला आणि त्याची किंमत साडेतीन हजार कोटींच्या पुढे सांगितली गेली.

मेफेड्रोन म्हणजे पोरांच्या भाषेत एमडी, किंवा ‘म्याऊ म्याऊ’. गर्दला, म्हणजे ब्राउन शुगरला, अफूची शेती लागते, सरहद्द ओलांडावी लागते. एमडीला शेत लागत नाही. रसायनं, एक शेड, वीज-पाणी आणि थोडं रसायनशास्त्र जाणणारा माणूस एवढ्यावर ते तयार होतं. म्हणूनच ज्या राज्यात रासायनिक कारखान्यांच्या वसाहती गावोगाव आहेत, तिथे ते मुरलं. ५ फेब्रुवारी २०१५ पर्यंत ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीतही नव्हतं. तोवर पकडलं तरी कोणत्या कलमाखाली, हा प्रश्न पोलिसांना पडत असे. नशा काही तासांत उतरते आणि लगेच पुन्हा घ्यावीशी वाटते. झोप उडते, भूक मरते, अंग वाळतं, संशय वाढतो. विकणाऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीचा माल नाही.

राज्य सरकारने २०२३ मध्ये स्वतंत्र अमली पदार्थविरोधी टास्क फोर्स उभारला आणि २०२५ च्या सुरुवातीला त्यासाठी ३४६ पदांना मान्यता दिली. त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात मोक्का कायद्यात सुधारणा होऊन अमली पदार्थांचे गुन्हे संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत आले. कारखानदार आणि घाऊक व्यापारी यांच्यासाठी ही हत्यारं धारदार आहेत, आणि ती असायलाच हवीत.

पण एक साधं त्रैराशिक मांडून पाहा. १,७०० किलो म्हणजे एकेक ग्रॅमच्या १७ लाख पुड्या. कुरकुंभहून त्या आपोआप कॉलेजच्या कट्ट्यावर येत नाहीत. शेवटचे दोन किलोमीटर कोणीतरी दुचाकीवरून नेतं. कायद्याने मेफेड्रोनची ‘अल्प मात्रा’ २ ग्रॅम आणि ‘व्यापारी मात्रा’ ५० ग्रॅम ठरवली आहे. व्यापारी मात्रेला १० ते २० वर्षांची सक्तमजुरी आणि जवळजवळ अशक्य जामीन. अल्प मात्रेला जास्तीत जास्त एक वर्ष. हे अंतर धंदा करणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं पाठ असतं. म्हणून मोठी पिशवी लपून राहते आणि पुडी फिरते. पुडी फिरवायला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मिळाला तर दुधात साखर.

विधिसंघर्षग्रस्त बालक

आता एक मुलगा समोर ठेवू. त्याला नाव नको, गावही नको. कायद्याची वाट समजावी एवढ्यासाठी तो मी उभा केला आहे. वय पंधरा. नववीत दोनदा गैरहजेरीवरून घरी चिठ्ठी गेलेली. आई धुणीभांडी करते, बाप असला तर रिक्षावर. घर रात्री नऊपर्यंत रिकामं. कोपऱ्यावरच्या टपरीशी ‘भाई’ बसतो. तो आधी वडापाव खाऊ घालतो, मग गाडीवर एक चक्कर मारू देतो, मग एक कश. मग एके दिवशी ‘एवढं पुडकं त्या पोराला दे, बाकी काही विचारू नको.’ पुडकं पोचलं की दोनशे रुपये. आणखी काही दिवसांनी कुणाशी तरी भांडण, आणि मुलाच्या हातात कोयता. सोबत एक दिलासा: ‘तू लहान आहेस, तुला काय होतंय!’

हा दिलासा अर्धा खोटा आहे आणि अर्धा खरा.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या भाषेत आपला मुलगा ‘गुन्हेगार’ नाही. तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आहे. शब्द जिभेला जड आहे, पण त्यामागचा विचार नेमका आहे: मूल कायद्याशी झगड्यात सापडलं आहे, त्यातून त्याला बाहेर काढायचं आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक स्त्री. खोली कोर्टासारखी नसावी, न्यायासन उंचावर नसावं, पोलिसांनी गणवेशात येऊ नये, इतकं बारीकसारीक नियमांत लिहिलं आहे. मंडळ त्याला समज देऊन सोडू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं किंवा विशेषगृहात ठेवू शकतं. विशेषगृहाचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं.

सोळा वर्षं पूर्ण झालेल्याने ‘निर्घृण’ गुन्हा केला, तर प्राथमिक तपासणीनंतर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. पण ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे, तोच निर्घृण, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात स्पष्ट केलं. खुनाच्या प्रयत्नाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, पण किमान सात वर्षं नाही. म्हणजे कोयत्याचा वार बसला आणि माणूस वाचला, तर गुन्हा ‘गंभीर’ ठरतो, ‘निर्घृण’ नाही. टपरीवरच्या भाईने निकालपत्र वाचलेलं नसतं, पण त्याचा निष्कर्ष त्याच्यापर्यंत पोचलेला असतो.

मग वय खाली आणा, ही मागणी होते. ती करणारे याच कायद्याचं दुसरं पान उलटत नाहीत. कलम ७७ म्हणतं, मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. कलम ७८ म्हणतं, अमली पदार्थ विकायला, न्यायला, पोचवायला मुलाचा वापर करणाऱ्याला तेवढीच. कलम ८३ म्हणतं, कोणत्याही बेकायदा कामासाठी मुलाला वापरणाऱ्या प्रौढाला किंवा टोळीला सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपये दंड. भाईला अडकवायचा फास या तीन कलमांत तयार आहे. मुलगा हा त्या खटल्यातला आरोपीही आहे आणि साक्षीदारही. अल्पवयीन सापडला की पहिला प्रश्न ‘कोणी पाठवला?’ हा विचारला गेला, तर मुलाच्या हातात पुडी देणं भाईला महागात पडेल.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा सतरा वर्षांचा होता. अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिही, ही त्याच्या जामिनाची अट देशभर गाजली. त्याच आदेशात व्यसनमुक्तीचं समुपदेशनही सांगितलं होतं, ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ज्या महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ आहे, तिथे सतरा वर्षांच्या मुलाच्या टेबलावर दारू आली कशी, या प्रश्नावर बारवाले आणि मुलाचा बाप यांच्यावर कलम ७७ आणि त्याच्या सोबतीची कलमं लागली, हे त्या प्रकरणातलं कमी चर्चेचं पण महत्त्वाचं पाऊल. कल्याणीनगरात जे कलम आठवलं, ते वस्तीतल्या टपरीवरही आठवलं पाहिजे.

आपला मुलगा मंडळापुढून परततो तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. कायदा म्हणतो, या नोंदीमुळे त्याला पुढे कोणतीही अपात्रता येणार नाही. पण गल्लीच्या स्मरणातून ती खोडता येत नाही. वर्गात बाक बदलला जातो. आयाबाया आपली पोरं आत बोलावतात. परिवीक्षा अधिकाऱ्याने भेटत राहावं अशी रचना आहे, पण त्याच्या डोक्यावरच्या फायलींचा ढीग पाहता महिन्यातून एकदा भेट झाली तरी पुष्कळ. आणि सुटल्याच्या दिवशी हार घेऊन, गाड्यांचे भोंगे वाजवत दारात हजर असतो तो भाईच.

शपथ

दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो. शाळा नुकत्या उघडलेल्या, मैदानात चिखल. पोरं व्हरांड्यात ओळीने बसतात. पाहुणे पोलीस अधिकारी काळवंडलेल्या फुप्फुसाचं चित्र दाखवतात. व्यसनातून बाहेर आलेला एक जण आपली कहाणी सांगतो. त्यात उधारी, चोऱ्या आणि मध्यरात्रीचे किस्से असतात, पोरं कान टवकारतात. मग उजवा हात पुढे करून शपथ. फोटो. पोर्टलवर सहभागी विद्यार्थ्यांचा आकडा.

मनापासून करणाऱ्यांचा अपमान करायचा नाही, पण याचा उपयोग फारसा नाही, हे जगाला बरीच वर्षं ठाऊक आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी शाळाशाळांत ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन ‘नाही म्हणा’ असं शिकवत असे. तो देशभर पसरला. नव्वदच्या दशकात अभ्यास झाले आणि मुलांच्या वागण्यात टिकाऊ फरक दिसला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाने प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध केले आहेत. नुसती भीती घालणारी माहिती आणि नुसतं माजी व्यसनींचं कथन यांनी काही साधत नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे.

केंद्राच्या कागदांवर यापेक्षा शहाण्या गोष्टी आहेत. १५ ऑगस्ट २०२० ला २७२ जिल्ह्यांत सुरू झालेलं नशामुक्त भारत अभियान आता देशभर आहे. शिक्षकांसाठी ‘नवचेतना’ नावाचं जीवनकौशल्यांचं प्रशिक्षण आहे. नकार कसा द्यायचा, राग कसा आवरायचा, दोस्तांचा दबाव कसा ओळखायचा, हे त्यात वर्षभर शिकवायचं असतं. वस्तीतल्याच मुलांना तयार करून त्यांच्याकडून बरोबरीच्या मुलांपर्यंत पोचण्याची योजनाही आहे. हे काम हळू चालतं, त्याचा फोटो निघत नाही, म्हणून शपथेपुढे ते मागे पडतं.

शिवाय भाषणं होतात ती एमडीवर, आणि पोरांचं व्यसन सुरू होतं ते भलत्याच ठिकाणी. केंद्राने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत एक गोष्ट डोळ्यांत भरते. हुंगायच्या पदार्थांचा, म्हणजे पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, थिनर यांचा, वापर प्रौढांत ०.५८ टक्के आणि मुलांत १.१७ टक्के निघाला. मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत असा हा एकमेव प्रकार. मदतीची गरज असलेली अशी मुलं देशात सुमारे ४.६ लाख, आणि त्यांची संख्या जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आहे. मालेगावात झोपेच्या गोळ्यांना ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’. त्या औषधाच्या दुकानातून येतात. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे. तुमच्या नाक्यावर तो मिळत नाही, असं छातीवर हात ठेवून सांगा. बंदी मोडली तरी काही होत नाही, हा पहिला धडा मूल एमडीच्या किती तरी आधी याच टपरीवर गिरवतं.

येरवड्याची आठवण

महाराष्ट्राला हे सगळं नवं नाही. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगरने, म्हणजे गर्दने, मुंबई-पुण्यातली तरणी पोरं गिळायला सुरुवात केली तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच सरकारी आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झालं. जागा सरकारची, देणगी लेखकाची, घाम डॉक्टरांचा आणि पुढे बरे झालेल्या रुग्णांचा.

मुक्तांगणने शिकवलेली गोष्ट साधी आहे: व्यसन सुटणं हा एक दिवस नसतो. रुग्ण घरी गेल्यावर वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागतो, आणि बायको, आई, बाप यांनाही सोबत घ्यावं लागतं. सरकारने हे तेव्हा जागा देऊन मान्य केलं होतं. आज अधिक गरज पंधरा वर्षांच्या मुलांसाठी अशा जागांची आहे. प्रौढांच्या केंद्रात त्यांना ठेवणं म्हणजे नव्या ओळखी करून देणं.

सुऱ्यांचं शहर

ग्लासगो हे स्कॉटलंडमधलं शहर एके काळी युरोपातलं खुनांचं शहर म्हणून ओळखलं जाई. गल्ल्यांच्या टोळ्या, पोरांच्या खिशात सुरे. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनीच हिंसा प्रतिबंधक पथक काढलं. कॅरिन मॅक्लस्की आणि जॉन कार्नोकन ही त्यामागची दोन माणसं. हिंसा ही साथीच्या रोगासारखी पसरते, तेव्हा ती तशीच रोखायची, हा त्यांचा विचार. सुरा बाळगण्याची शिक्षा वाढवली गेली. त्याच वेळी टोळ्यांतल्या पोरांना न्यायालयाच्या इमारतीत बोलावून समोर बसवलं. पोलिसांनी सांगितलं, तुमची सगळी नावं आमच्याकडे आहेत. शल्यविशारदाने सुऱ्याने चिरलेले चेहरे कसे शिवतो ते सांगितलं. मुलगा गमावलेली आई बोलली. आणि शेवटी एक फोन नंबर दिला: बाहेर पडायचं असेल तर शिक्षण, नोकरी, उपचार, जे लागेल ते मिळेल. पुढच्या दहा-बारा वर्षांत स्कॉटलंडमधल्या खुनांचा आकडा निम्म्याखाली आला.

आइसलँडने दुसरं टोक धरलं. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ मध्ये ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर वेळेचं बंधन आलं, पालक गट करून गल्लीत फेऱ्या मारू लागले, आणि राजधानी रेक्याविकने प्रत्येक मुलाच्या खेळ-संगीतासाठी कुटुंबाला वार्षिक अनुदान दिलं. तो देश कोल्हापूर शहराहून लहान आहे आणि श्रीमंत आहे, हे खरं. पण त्यांनी ज्या प्रश्नापासून सुरुवात केली तो इथेही लागू आहे: मूल संध्याकाळी कुठे असतं? अमेरिकेच्या न्याय खात्याचे आकडे सांगतात की शाळेच्या दिवसांत मुलांच्या हातून होणारी हिंसा शाळा सुटल्यानंतरच्या तासांत सर्वाधिक असते.

आपल्या मुलाचे पाच ते नऊ हे चार तास आठवा. शाळा सुटलेली, घर रिकामं, टपरी उघडी. आपल्याकडे या तासांची व्यवस्था कधी काळी होती: तालीम होती, राष्ट्र सेवा दलाची शाखा होती, वाचनालय होतं, गणेश मंडळात वर्षभर काही ना काही चाले. आज पुण्यात ढोल-ताशा पथकात नाव घालायला पोरं रांग लावतात. तास-दोन तास घाम गाळतात, शिस्त पाळतात, व्यसन केलंस तर पथकाबाहेर हा नियम पाळतात. त्याच पोरांना वर्षाचे उरलेले महिने कोणी विचारत नाही. भाई मात्र बारा महिने असतो. दहीहंडीला टी-शर्ट तो देतो, वाढदिवसाचा फ्लेक्स तो लावतो. जिथे सरकार आणि समाज गैरहजर असतात, तिथली हजेरी तोच घेतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कारखान्यांवर छापे पडोत, मोक्का लागो, कलम ७८ आणि ८३ रोज वापरलं जावो. पण प्रतिबंधाचं यश किलोंत मोजणं थांबवावं. एखाद्या वस्तीतली किती मुलं संध्याकाळी मैदानावर, तालमीत, अभ्यासिकेत, कार्यशाळेत होती, हा आकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या आढावा बैठकीत आला पाहिजे. मंडळापुढून परतलेल्या मुलाशी वर्षभर कोण बोलत होतं, हे विचारलं गेलं पाहिजे.

घरात कोणी अडकलं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६, अमली पदार्थांची माहिती द्यायला १९३३ आणि संकटातल्या मुलासाठी १०९८, हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. व्यसनात अडकलेला माणूस अल्प मात्रेच्या प्रकरणात स्वतःहून उपचार घेत असेल, तर एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं, हेही शेजाऱ्याला सांगा. भीतीपोटी लपवणारी घरं फार आहेत.

आणि या दिवाळीत एक काम करा. आपल्या प्रभागातल्या महापालिका शाळेच्या मैदानाला संध्याकाळी किती वाजता कुलूप लागतं, ते जाऊन पाहा. ते सहाच्या आधी लागत असेल, तर किल्ली कोणाकडे असते ते विचारा, आणि मिळेपर्यंत विचारत राहा.